उधव्याचा काळा पडदा

उधवा, ता. तलासरी
२७ नोव्हेंबर २०१५

मामा,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नका, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आजारी पडलाय तो शाळेचा कॉम्प्युटर.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्या शाळेत फोनला रेंज येत नाही, म्हणजे आपली मामा-भाचीची जोडी छानच जमली. मेसेज करायला मागची टेकडी चढावी लागते, आणि एवढं चढून केलेल्या मेसेजला तुम्ही नुसता अंगठा पाठवता! म्हणून कागद. डहाणूच्या एसटीवरचा दिपक कंडक्टर आमच्या सातवीच्या शितलचा काका आहे, तो पाकीट नेईल आणि उत्तर आणेल.

तर दुखणं असं. जूनमध्ये एका ट्रस्टने शाळेला कॉम्प्युटर दिला. वापरलेलाच, पण चांगला चालायचा. आमच्या मुली त्यावर काय काय करायला लागल्या होत्या सांगू! शितलने पाड्याचा नकाशा काढला, त्यात प्रत्येक घराचं झाड वेगळं. दिवाळीच्या सुट्टीआधी चालू होता. काल शाळा उघडली, बटण दाबलं, खोक्याचा दिवा लागला, पंखा घूं घूं करायला लागला, आणि पडदा काळाकुट्ट. बंद करून लावला, परत लावला. काळाच.

हेडसरांनी हातोहात ट्रस्टला कळवलं. त्यांचा टेम्पो अठरा डिसेंबरला येणार आहे. तोवर चालू झाला नाही तर कॉम्प्युटर उचलून दुसऱ्या शाळेला देणार. तलासरीचा दुकानदार म्हणतो मशीन इकडे आणा, सर म्हणतात ट्रस्टची वस्तू जागची हलवायची नाही. वर म्हणाले, "मॅडम, मी आधीच बोललो होतो, आपल्या पाड्यावर या वस्तू टिकत नाहीत." मुलींच्या देखत बोलले हो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तुम्ही रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढलात, घरचा कॉम्प्युटर स्वतः जोडलात. मला सांगा काय करू. तो मला जाऊ द्यायचा नाहीये.

तुमची
निर्मला


डहाणू रोड
२९ नोव्हेंबर

निमू,

पत्र मिळालं. दिपकने स्टँडवर सगळ्यांसमोर "भाचीचं प्रेमपत्र" म्हणून दिलं. आवाज ऐकू आला नाही, पण त्याच्या ओठांवरून कळलं आणि बाकीच्यांच्या दातांवरून खात्री झाली.

आधी एक ठरव. उगाच बटणं दाबत बसायचं नाही. आमच्याकडे नवा पोरगा आला की बंद सिग्नल दिसताच खांबावर चढायचा. मी त्याला खाली उतरवून विचारायचो, खांबावर बिघाड आहे हे तुला कुणी सांगितलं? वायरीत असेल, केबिनमध्ये असेल. काळा पडदा म्हणजे एवढंच की चित्र इथवर पोचलं नाही. कुठे अडलंय ते शोधायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर सुधारलं कशाने ते तुलाही कळणार नाही, मलाही नाही.

पडद्याला स्वतःचा दिवा असतो. तो हिरवा आहे की नारिंगी, ते बघ. मग पडद्याच्या मागे निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली वायर असेल, ती सोडव आणि नुसता पडदा चालू कर. काही अक्षरं आली तर पडदा धडधाकट आहे, त्याला दोष देऊ नको. वायर परत घट्ट लाव. मग कीबोर्डवरचं नम लॉक दाब. त्याचा दिवा लागतो-विझतो का? आणि चालू करताना खोक्यातून काही आवाज येतो का? येत असेल तर कसा, लांब की तुटक, थांबतो की चालूच राहतो? हे सगळ्यात महत्त्वाचं. मशीनला पडदा दिसेनासा झाला की ते आवाज करून सांगतं. मी तिथे असतो तरी मला कळलं नसतं. तुझे कान मला उसने दे.

तुझ्या हेडसरांना सांग, माझ्या घरात टिकत नाहीत अशा पुष्कळ वस्तू आहेत, आणि मी डहाणू रोडला राहतो.

मोहनमामा


उधवा
२ डिसेंबर

मामा,

केलं! एका वेळी एकच, तुमची शपथ.

पडद्याचा दिवा नारिंगी. निळी वायर काढली आणि नुसता पडदा लावला, तर काळ्यावर एक रंगीत चौकोन आला, आत इंग्रजी अक्षरं, आणि तो इकडून तिकडे तरंगायला लागला. मुलींनी असा काही गिल्ला केला की हेडसर ऑफिसातून धावत आले. त्यांना वाटलं झालं चालू. नाही म्हटल्यावर "मग ओरडता कशाला?" असं विचारून परत गेले. आता त्यांना कोण सांगणार की पडदा जिवंत निघाला हीसुद्धा ओरडण्यासारखीच गोष्ट आहे!

नम लॉकचा दिवा लागत नाही. कितीही दाबा, ढिम्म.

आणि आवाज येतो, मामा. पंखा सुरू झाला की लगेच. आम्ही घाबरून बटण बंद करत होतो म्हणून नीट ऐकलाच नव्हता. या वेळी वर्गाला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. एक लांबलचक टीऽऽऽ, मग जरा थांबतो, मग पुन्हा तसाच लांब. बंद करेपर्यंत तेच. आमची खिचडी शिजवणारी बारकी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बाय, पोर भुकेला झाला का असाच रडतो." तिने तो आवाज तोंडाने इतका हुबेहूब काढला की आता मुली दिवसभर तेच करत हिंडतायत. तुमच्यापर्यंत तो पोचवायचा कसा, म्हणून शितलने कागदावर रेघा काढल्या आहेत. लांब रेघ म्हणजे आवाज, कोरी जागा म्हणजे थांबणं. सोबत जोडलाय.

लवकर लिहा.

निर्मला


डहाणू रोड
४ डिसेंबर

निमू,

तुझ्या शितलचा कागद मी भिंतीला लावलाय. लांब, थांबून, परत लांब. अगं पोरी, मला रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आणि कान गेल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला आवाज दाखवला. मी त्या रेघांवर बोट फिरवून वाचला. तिला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नको, नमस्कारच सांग.

तो मेमरीचा आवाज आहे. खोक्यात एक बोटभर रुंद, लांबीला वीतभरापेक्षा थोडी कमी अशी हिरवी पट्टी असते. मशीन जागं झालं की आधी तिला हाक मारतं. तिने ओ दिली नाही तर ते पुढे जातच नाही, मग पडद्याला काय पाठवणार? पट्टी बहुतेक मेलेली नाही, नीट टेकत नसेल.

आता उघडायचं. प्लग भिंतीतून पूर्ण उपसायचा, नुसता स्विच बंद करून चालणार नाही. उपसल्यावर खोक्याचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, उरलीसुरली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, आणि हे दरवेळी. पट्टीच्या दोन्ही टोकांना पांढरे चाप असतात, ते बाहेर ढकलले की पट्टी वर येते. तिच्या सोनेरी दातांवर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, चुरा झटकायचा. बोटं लावायची नाहीत, फुंकर मारायची नाही, ओलं फडकं तर अजिबात नाही. ज्या खाचेत ती बसते ती कोरड्या ब्रशने साफ करायची. मग पट्टी खाचेत ठेवून दाबायची, चाप आपणहून टक करून बसेपर्यंत. जोर लागतो. घाबरू नको.

आणि आत काय दिसलं ते मला लिही. सगळं.

मोहनमामा


उधवा
७ डिसेंबर

मामा, मामा, मामा!

झाला चालू!

तुम्ही लिहिलंय तसंच्या तसं. पत्र शितलने मोठ्याने वाचलं, मी हात घातला, आणि प्रत्येक वेळी सगळा वर्ग ओरडायचा, "बाई, पत्रा!" पत्र्याला हात लावल्याशिवाय मला पुढे जाऊच देईनात. पट्टी दाबताना वाटलं मोडणार. टक झालं. प्लग लावला. पडद्याचा दिवा हिरवा झाला आणि आला की हो, निळा निळा! पाड्याचा नकाशा जागच्या जागी. एक बारकासा टी झाला, आनंदाचा.

आत विशेष काही नव्हतं. जरा तांबूस धूळ होती आणि थोड्या मुंग्या. साफ केलं.

हेडसर येऊन बघून गेले. म्हणाले, "अठरा तारखेपर्यंत राहू दे म्हणजे झालं." राहू दे काय, राहणारच! तुम्ही माझे मामा आहात हे मी आज वर्गात दोनदा सांगितलं.

तुमची
निर्मला


डहाणू रोड
९ डिसेंबर

निमू,

शाब्बास. मन भरून शाब्बास. तुझी आई तुला लहानपणी धांदरट म्हणायची, तिला मी आज घरी जाऊन तुझं पत्र वाचून दाखवलं.

आता दुसरं. मशीनच्या पोटात मुंग्या कशाला येतील? मुंग्या धूळ खात नाहीत. आणि तलासरीची धूळ मी पाहिली आहे, बंद खोक्यात ती तांबूस नसते, राखाडी असते. मी सांगितलं होतं सगळं लिही. तू निवडून लिहिलंस. बिघाड झाला की माणसं आम्हाला नेहमी एक गोष्ट सोडून बाकी सगळं सांगायची, आणि बिघाड नेमका त्या एका गोष्टीत असायचा.

मी रागावणार नाही. पण गोड काय होतं आत?

मोहनमामा


उधवा
१० डिसेंबर

मामा,

तुमचं पाकीट आलं आणि त्याच सकाळी कॉम्प्युटर पुन्हा काळा झाला. तोच लांब आवाज. मुली रडवेल्या झाल्यात. शितल तर माझ्याशी बोलत नाहीये, कारण तिला माहीत आहे मी तुम्हाला काय लिहिलं नाही ते.

सांगते.

खंडेनवमीला पाड्यावर सगळ्या अवजारांची पूजा असते. विळे, कोयते, नांगर, दिपकभाऊंची तिकिटाची पेटीसुद्धा. मुलींनी शाळेत कॉम्प्युटरची मांडली. झेंडूचा हार, हळद-कुंकू, अक्षता. मीच परवानगी दिली, मलाही कौतुक वाटलं. मग नैवेद्याची वेळ आली. बारकी म्हणाली, "याचा तोंड कुठं हाय?" विळ्याला तोंड नसतं, पण हा तर बोलतो, गाणी म्हणतो, याला असणारच. तेव्हा कुणीतरी बटण दाबून सीडीचा कप्पा बाहेर काढला. बाहेर आलेली ती थाळी बघून बारकीचे डोळे असे चमकले, मामा! तिने त्यात गुळाचा खडा आणि चिमूटभर अक्षता ठेवल्या, कप्पा आत गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत होते. नंतर साफ करू म्हटलं आणि राहून गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. सुट्टी लागली त्या दिवशी बारकीला वाटलं, आता इतके दिवस शाळा बंद, याला कोण बघणार? तिने नव्या भाताचे पोहे गुळात कालवून आणले आणि मुलींकडून कप्पा उघडवून त्यात भरले. हे मला त्या दिवशी कळलं, खोका उघडला तेव्हा. आत कुंकू, तांदूळ, गूळ आणि मुंग्यांची वारुळंच.

तुम्हाला लिहिलं नाही, कारण लाज वाटली. तुम्ही यंत्रांची माणसं, हसाल वाटलं. आणि त्याहून जास्त भीती ही की हे हेडसरांच्या कानावर गेलं तर ते ट्रस्टला हेच सांगतील. कॉम्प्युटरला पोहे चारणाऱ्यांना कॉम्प्युटर कशाला, असं. आणि बारकी जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. ती आत्तापासूनच खोलीच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

आठवडा उरलाय. काय करू?

निर्मला


डहाणू रोड
११ डिसेंबर

निमू बाळा,

हसलो. खूप हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण तुला वाटलं तसं नाही.

आमच्या केबिनमध्ये दर खंडेनवमीला लिव्हरच्या रांगेला हळद-कुंकू लागायचं, आणि लावायचो मी. इंजिनिअर साहेब स्वतः नारळ घेऊन यायचे. मी देवभोळा नाही, पण ज्याच्या भरवशावर रात्रंदिवस गाड्या सोडायच्या त्याला वर्षातून एकदा हात जोडायला माझा कधी आक्षेप नव्हता. पहिल्या वर्षी आम्हीपण पेढा लिव्हरवर ठेवला होता. पुढच्या आठवड्यात मुंग्यांनी सिग्नलची वीज जोडणारा एक रिले असा जाम केला की साहेबांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तेव्हापासून नियम झाला, नैवेद्य बाजूच्या स्टुलावर आणि पूजा झाली की माणसांनी खायचा. यात लाजण्यासारखं काय आहे? यंत्राला अडाणी माणसं मारत नाहीत, बेफिकीर माणसं मारतात. बारकीला तर काळजी वाटली! सुट्टीवर जाताना मशीन उपाशी राहील म्हणून नव्या भाताचे पोहे करून आणणारी बाई मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. मला तिचं इतकं कौतुक वाटतंय की काय लिहू.

आता काम. तुम्ही पट्टी साफ केलीत, पण मुंग्यांचं घर वर तसंच राहिलं. सीडीचा कप्पा पट्टीच्या वरच्या बाजूला असतो. पोहे अजून त्यात आहेत, मुंग्या तिथून खाली उतरतायत. तो कप्पा अख्खा बाहेर काढा. बाजूंचे स्क्रू सोडवले की पुढे सरकतो, मागे दोन वायरी असतात, त्या सरळ ओढायच्या, वाकड्या नाही. कप्प्यावाचून कॉम्प्युटरचं काही अडत नाही. पुढच्या भोकाला जाड पुठ्ठा लावा. खोक्याचा तळ, कोपरे, पट्टीची खाच, सगळं कोरड्या ब्रशने. एकही तांदूळ राहता कामा नये. मग पट्टी परत खोडरबराने, आणि टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जसे आपण दुधाच्या कपाटाचे ठेवायचो.

अजून एक. या वेळी तू हात घालू नको. मुलींना करू दे. तुझ्यावाचून त्यांना जमलं पाहिजे. आणि बारकीला उंबऱ्याच्या आत बोलव. तांदूळ निवडायला तिच्याइतके चांगले डोळे तुमच्यात कुणाचे आहेत?

मोहनमामा


डहाणू रोड
१६ डिसेंबर

निर्मलाताई,

मी अदिती. बाबांना न सांगता लिहितेय.

तुमचं उत्तर आलं नाही म्हणून बाबा रोज एसटी स्टँडवर जाऊन दिपकला विचारतात. तो मान हलवतो, हे परत येतात, आणि जेवताना तुमच्या कॉम्प्युटरबद्दल बोलत राहतात. ताई, कान गेल्यापासून ते आमच्याशी जेवणापुरतं बोलायचे. "वाढ", "पुरे", एवढंच. मला वाटायचं त्यांना आमचा कंटाळा आलाय. आता नातवाला, दर्शनला, समोर बसवून त्याला मेमरीची पट्टी म्हणजे काय ते समजावतात.

तुम्हाला त्यांनी सांगितलं नसेल. तुम्हाला पत्रात चूक जाऊ नये म्हणून त्यांनी घरचा कॉम्प्युटर पूर्ण उघडला. प्रत्येक गोष्ट आधी स्वतः करून बघतात, मग लिहितात. पट्टी मुद्दाम काढून मला म्हणाले, "चालू करतो, तू ऐक आणि हाताने दाखव." मी हात लांब केला, थांबवला, परत लांब केला. त्यांनी शितलच्या कागदाकडे बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. डायनिंग टेबलावर स्क्रूच स्क्रू आहेत आणि आम्ही सध्या जमिनीवर पंगत करतो. माझी काही तक्रार नाही.

चालू झाला असो वा नसो, दोन ओळी लिहा. आणि पुढेही लिहीत राहा.

अदिती


उधवा
१९ डिसेंबर

मामा, आणि अदिती, आणि घरात जे कुणी असतील ते सगळे,

उत्तर लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. कप्पा काढला, साफ केलं, तरी आवाज येतच होता. मुलींनी पुन्हा उघडला, पुन्हा बंद. काय राहिलंय कळेना. शेवटी बारकीला अक्षरशः हाताला धरून आत आणलं. तिने सूप मागितलं नाही एवढंच! खोक्याशी वाकून बसली, त्याचं तोंड उजेडाकडे करायला लावलं, आणि पट्टीच्या खाचेच्या अगदी तळाशी बोट दाखवलं. तांदळाची अर्धी कणी. कुंकवाने लाल झालेली, आम्ही सगळ्या तिला खाचेचाच भाग समजत होतो. शितलने ब्रशच्या एका केसाने काढली. पट्टी बसवली, टक झालं, आणि पडदा उजळला. परवा दुपारची गोष्ट. दिपकभाऊ त्या दिवशी सुट्टीवर, म्हणून पाकीट निघालं नाही. अदिती, माफ कर गं.

आता कालचं ऐका. टेम्पो आला. ट्रस्टचे साहेब उंबरगावकडचे, तोंडात सारखं गुजराती "बेन, बेन". हेडसरांनी त्यांना वाटेतच मशीन बंद असल्याचं सांगितलेलं दिसत होतं, कारण आल्या आल्या त्यांनी ड्रायव्हरला दोरी काढायला सांगितली. मग आत येऊन बघतात तर पडद्यावर पाड्याचा नकाशा.

"कुणी दुरुस्त केला? तलासरीहून माणूस आणला?"

"मुलींनी," मी म्हटलं.

त्यांना खरं वाटेना. काय झालं होतं विचारलं. मी "धूळ" म्हणणार होते, मामा. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात दारातून बारकी म्हणाली, "मी त्याला खाऊ घातला. पोहे. मग त्याचा बिघडला." हेडसरांनी कपाळाला हात लावला. साहेब तिच्याकडे बघत राहिले. ती पुढे म्हणाली, "आपले दारात आलेला उपाशी कसा ठेवायचा? पण आता समजला. आता नाय देत."

मग शितल उठली. न विचारता. तिने कॉम्प्युटर रीतसर बंद केला, प्लग उपसला, बटण दाबून धरलं, खोका उघडला, पत्र्याला हात लावला आणि चालत्या कॉम्प्युटरची पट्टी, साहेबांच्या डोळ्यांदेखत, काढून हातात घेतली! हेडसर "अगं, अगं" म्हणत पुढे आले. तिने प्लग लावला, बटण दाबलं. काळा पडदा. लांब आवाज. "सर, असा झाला होता," ती म्हणाली, "आता बघा." पुन्हा प्लग उपसला, पट्टी खोडरबराने पुसली, बसवली. मागे बसलेल्या मुली एका सुरात "पत्रा!" ओरडल्या आणि आपण विसरलो नव्हतो हे दाखवायला तिने हसून पत्र्याला परत हात लावला. मग प्लग लावला, पडदा निळा झाला.

मामा, मी शिक्षिका आहे, पण त्या वेळी मी त्या मुलीकडे तोंड उघडं टाकून बघत होते. चालू असलेली वस्तू मुद्दाम बंद पाडायची, तीही तिला उचलून न्यायला आलेल्या माणसासमोर! माझी तेवढी छाती नाही. तुमची असेल.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, यातलं घर कुठलं तुझं? शितलने दाखवलं. झाड कसलं? ताडाचं. बरं, म्हणाले, आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेले, काय ठरलं ते विचारायला. ड्रायव्हर दोरी हातात घेऊन उभाच होता. साहेबांनी त्याला दोरी गुंडाळायला सांगितलं, आणि मग टेम्पोच्या मागच्या फळीकडे बघत जरा थांबले. तेव्हा मला दिसलं, मागे ताडपत्रीखाली आणखी कॉम्प्युटर होते. वाटेतल्या शाळांतून उचललेले. सगळ्यांचा एकच आजार, म्हणाले, चालू होतो पण पडदा काळा. भंगारात चालले होते.

"बेन," ड्रायव्हरनेच विचारलं, "मग हे पण इथेच उतरवू का?"

साहेबांनी मान डोलावली आणि मुलींनी मला उत्तर देऊच दिलं नाही. धावत जाऊन एकेक उतरवून घेतला, नव्या नवरीला आणावं तशा जपून. हेडसरांनी स्वतः वर्गाची दुसरी खिडकी उघडून टेबलं सरकवली. बारकीने प्रत्येक खोक्याचा कप्पा बाहेर काढायला लावला आणि आत कुणी काही ठेवलं नाही ना, ते वाकून तपासलं.

एक आज सकाळी चालू झाला. बाकीच्यांचे आवाज शितलने कागदावर काढलेत, सोबत पाठवतेय. एकाच्या रेघा तुटक आहेत, तशा आम्ही आधी ऐकल्या नव्हत्या. टेबलावर जागा करा, मामा, मुली वाट बघतायत.

तुमची
निर्मला